यादीत राहिलेलं नाव

प्रिय प्रिस्कुस,

बघ, लिहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव नुसतं लिहिलं, मागेपुढे काही न लावता. 'पूज्य बंधू' लिहायची इतकी सवय झालीय की लेखणी आपली तिकडेच वळत होती, तिला कान धरून इकडे आणावं लागलं. हे पत्र शेजारची गाल्ला तुझ्या हातात देईल. उर्सिनला आधी वाचायला देऊ नकोस. तुझा डीकन, वेदीवरचा तुझा मदतनीस, भला माणूस आहे, तुझी पत्रं, तुझं जेवण, तुझी झोप, सगळ्यांवर त्याचा डोळा असतो आणि तो असायलाच हवा, हे मला कळतं. पण सहा वर्षं तू आणि मी त्याच्याच तोंडाने बोलत आलो. आज मला माझं तोंड वापरायचंय.

लिहायला घरात दुसरं काही सापडलं नाही, म्हणून तुझ्या वकिलीच्या दिवसांतली एक गुंडाळी काढली आणि तिच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितेय. उलटून बघशील तर त्या डुकराचा खटला आहे. आठवतो का? डुकराने शेजाऱ्याचा अर्धा द्राक्षमळा फस्त केला होता आणि तू न्यायाधीशापुढे उभा राहून म्हणालास, "महाराज, डुकराचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं का?" सगळे पोट धरधरून हसले. खटला हरलास तो हरलासच, आणि वर घरी शीळ घालत आलास, हातात एवढा मोठा वाम मासा. मी म्हटलं, हरलेल्या वकिलाला कोण मासा देतं? तर म्हणालास, "डुकराच्या मालकाने दिला. म्हणाला, हरलो पण मजा आली." तो माणूस कुठे गेला रे, प्रिस्कुस? चर्चमध्ये उंच खुर्चीवर बसलेला जो दिसतो, त्याच्या चेहऱ्यात मी दर रविवारी त्याला शोधते.

घरची खबर म्हणशील तर छपराची चार कौलं गेल्या वादळात उडाली. अंजिराला यंदा भरपूर फळ आलं होतं, उतरवायला कुणी नव्हतं, सगळं चिमण्यांनी खाल्लं. अंजिराच्या ज्या खालच्या फांदीवरून पडून आपल्या मौराची हनुवटी फुटली होती, ती फांदी मी तोडू दिली नाही. तू दर महिन्याला पाठवतोस ते जव आणि तेल पोचतं. एकटीला पुरून उरतं. दोघींच्या हिशोबाने पाठवत होतास, तसंच अजून पाठवतोस. कमी कर असं सांगायला तुझी जीभ रेटली नसेल, आणि मलाही ते सांगायला लावू नकोस. मौराला नेल्याला आता पाच महिने झाले.

तुला ते बिशप करायला निघाले, तो दिवस मला अजून हातावरच्या रेषेसारखा दिसतो. म्हातारे बिशप वारले होते, चर्चमध्ये दोन गट एकमेकांच्या उरावर बसायच्या बेतात होते, आणि तू गेला होतास त्यांची समजूत घालायला. वकील ना तू, दोन्ही बाजूंना बोलण्यात गुंडाळलंस. इतकं छान गुंडाळलंस की कुणीतरी मागून ओरडलं, "मग हाच का नको!" झालं. तू पळालास. द्राक्षं तुडवायच्या कुंडात जाऊन लपलास, वेडा कुठला, आणि गावकऱ्यांनी तुला तिथून ओढून काढलं तेव्हा कमरेपर्यंत जांभळा झाला होतास. लोक म्हणाले, बघा, देवानेच याला राजवस्त्र नेसवलं. मी दारात उभी राहून हसत होते. मला वाटलं, रात्री जेवताना या गोष्टीवर किती हसू आपण. ते जेवण काही झालंच नाही.

चार दिवसांनी शेजारच्या गावांचे तीन बिशप आले. त्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्याने मला वेदीपुढे बोलावलं. त्याने काही जबरदस्ती केली नाही, उलट फार मायेने विचारलं, "मुली, बिशपला बायको चालत नाही. आजपासून हा तुझा भाऊ आणि तू त्याची बहीण. मनापासून देतेस का याला?" माझ्या मागे सगळं गाव. माझ्या हातात मौराचा हात, सात वर्षांची होती. आणि तू, न्हाऊन पांढरं नेसून, माझ्याकडे बघत होतास. खरं सांग, तुला मी काय म्हणायला हवं होतं? मी तेव्हा तुझ्या डोळ्यांत वाचलं, "हो म्हण." आता वाटतं तिथे "नको म्हण" लिहिलेलं असेल आणि मला वाचता आलं नसेल. मी 'हो' म्हणाले. लोक रडले, स्तोत्र सुरू झालं, आणि त्या गोंगाटात मौराने माझा पदर ओढून विचारलं, "आई, बाबा आता तुझे भाऊ, मग ते माझे मामा का गं?"

तुझ्या कानावर ते गेलं होतं. तुझ्या ओठाचा कोपरा हलला, मी पाहिलं. शेवटचं हसू तेच.

त्यानंतर अंगणाच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला तू. तीस पावलं. मी मोजलीत, मौराने तर लहानपणी लंगडी घालत मोजली होती, तिची बेचाळीस भरायची. तुझ्या खोलीत दोन सेवक झोपायला, उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून. मी तुझ्याशी बोलायचं ते उर्सिनच्या समोर, आणि होता होईतो उर्सिनशीच. पोरीला ताप भरला होता त्या थंडीत तू माझ्या उंबऱ्यापाशी आलास, हात लांबवला असता तर लागला असता, आणि उर्सिनला म्हणालास, "ताईंना विचार, ताप उतरला का." मीही उर्सिनला म्हणाले, "बंधूंना सांगा, घाम आलाय, उतरेल." तो बिचारा मधे उभा राहून मान इकडून तिकडे करत होता. अंथरुणात ग्लानीत पडलेली पोर तेवढ्यात फिसकन हसली. पुढे कितीतरी दिवस ती उर्सिनची नक्कल करायची. मांजराला बसवायची, कुत्र्याला बसवायची आणि मधे स्वतः उभी राहून म्हणायची, "मांजरताई विचारतात, कुत्रेबंधू जेवले का?" आणि तू अंगणातून जाताना दिसलास की कुणाला ऐकू जाणार नाही असं मला कानात सांगायची, "मामा चालले बघ." मी तिला रागवायचे आणि आत जाऊन हसायचे. मग थोडं रडायचेही, लपवायचं कशाला.

तू वाईट बिशप झाला असतास ना, तर बरं झालं असतं. मला रोज तुला शिव्या घालता आल्या असत्या. पण तू चांगला निघालास. विधवांची जमीन सोडवलीस, वेदीपुढे उभं करून गुलामांना मोकळं केलंस, तुझ्या न्यायासनापुढे मूर्तिपूजक सुद्धा यायला लागले. गावातल्या बायका मला म्हणायच्या, "ताई, तुम्ही दिलात म्हणून आम्हाला मिळाला." मलाही त्याचा अभिमान वाटायचा रे. आपलं माणूस गेलं खरं, पण सगळ्यांच्या कामाला आलं, असं मी मनाला समजवायचे आणि मन समजायचंही. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत.

मळ्यावर मीच पाठवलं तिला. ती म्हणत होती, "आज नको, पाय दुखतायत." मी म्हटलं, आळशी कुठली, द्राक्षं काय तुझी वाट बघत थांबणार? गेली. केस धुतले होते, शाल कुंपणावर वाळत घालून गेली. दुपारी नदीपलीकडून घोडेस्वार उतरले आणि मळ्यावरची सगळी माणसं हाकत घेऊन गेले, चाळीसेक जण. तटावरून आम्हाला धूळ दिसली फक्त. मग तिसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला, की चांदी आणा आणि आपापली माणसं घेऊन जा.

तू क्षणभरही विचार केला नाहीस. वेदीवरचे पेले, दिव्यांच्या साखळ्या, ती मोठी थाळी, सगळं सोनाराच्या मुशीत. कुणी एक म्हातारा कुरकुरला, देवाची भांडी आहेत म्हणून, तर तू म्हणालास, "देव काही जेवत नाही, त्याला भांडी कशाला?" त्या एका वाक्यात मला माझा डुकराचा वकील परत दिसला. मी कानातली काढून मुशीत टाकली, आईने दिलेली, लाल खड्यांची. जीव टांगणीला लागला होता, तरी त्या दिवशी मी तुझ्यावर नव्याने भाळले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आणि मग तू तो नियम केलास. वकील तो वकीलच. दुसऱ्या गावांत लबाड्या झाल्या होत्या, नसलेल्या भावांच्या नावाने लोकांनी चांदी उचलली होती, म्हणून तू ठरवलंस की ज्याचं माणूस असेल त्याने वेदीपुढे यायचं, शुभवर्तमानाच्या पोथीवर हात ठेवायचा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव सांगायचं, बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. सांगितलेलं नावच यादीत जाईल. न सांगितलेलं जाणार नाही, मग ते कुणाचं का असेना. 'कुणाचं का असेना' हे तू दोनदा म्हणालास.

एकेक जण गेलं. गाल्ला गेली, सुनेचं नाव सांगताना तिची बोबडी वळली, उर्सिनने दोनदा विचारलं. सगळी नावं झाली. उर्सिनने मान वर करून विचारलं, "आणखी कुणी?" चर्च इतकं शांत झालं की मुशीखालच्या निखाऱ्यांचा तडतडाट बाहेरून ऐकू येत होता. मला काय म्हणायचं होतं, प्रिस्कुस? "मौरा, प्रिस्कुसची मुलगी." तीनच शब्द. पण ते मला कुठे म्हणायचे होते, तर त्याच जागी, जिथे उभं राहून मी सगळ्या गावासमोर तुझं नाव सोडलं होतं. प्रिस्कुसची मुलगी म्हणजे मी कोण, हे त्यात आलंच की. मी जागची हलले नाही. आणि मनात मी म्हणत होते, तो बाप आहे, खुर्चीवर बसलाय, तो सांगेल. त्याला कोण अडवतंय? मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघत होतास.

उर्सिनने दुसऱ्यांदा विचारलं. मला वाटलं, प्रिस्कुसने पोरीची वेगळी सोय केलेली दिसते, चर्चच्या चांदीतून स्वतःची मुलगी सोडवली असं कुणी म्हणू नये म्हणून. असाच आहे हा, सगळं आधी ठरवून ठेवणारा. आणि तू काय समजलास, ते मला नंतर उर्सिनकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तो नदीवरून परतल्यावर तू त्याला विचारलंस म्हणे, "ताईंनी कानातली नदीपलीकडे पाठवली नव्हती का, स्वतःच्या पोरीसाठी?" तो म्हणाला, ती तर आधीच मुशीत पडली. तू खाली बसलास म्हणे. चर्चमध्ये तू मनात म्हणत होतास, मी न्यायासनावरचा माणूस, मला स्वतःच्याच दारात अर्ज कसा करता येणार, आई सांगेल, तिने सांगितलं की मी लिहून घेईन; आणि ती बोलली नाही म्हणजे तिने वेगळी सोय केली असेल. तू सांगशील म्हणून मी गप्प. मी सांगेन म्हणून तू गप्प. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही आपण दोघं मूग गिळून बसलो, सगळं गाव बघत होतं, आणि त्यातला एकही जण म्हणाला नाही, की अरे, पोर राहिली! त्यांना वाटलं आपण काहीतरी थोर करतोय.

उर्सिनने मेणाची जोडपाटी मिटली. कपाळ माझं, त्या आवाजाने तरी मी ओरडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवर गेले, जवाची गरम पेज घेऊन आणि कुंपणावरची तिची शाल घेऊन. नावा आल्या. एकेक जण उतरलं, ज्याचं त्याला मिळालं, किनाऱ्यावर नुसता आक्रोश, आनंदाचा. शेवटची नाव रिकामी झाली तरी मी आत वाकून बघत होते, जणू ती फळीखाली लपलीय. गाल्लाची सून माझ्या पायाशी येऊन बसली आणि तिने सगळं सांगितलं. तुला हे कुणी सांगितलंय का, मला माहीत नाही. उर्सिनने सांगितलं नसणार, त्याच्याच्याने ते होणार नाही. म्हणून मी सांगते, नीट ऐक.

नदीपलीकडे नावं वाचायला उर्सिन उभा राहिला तेव्हा मौरा सगळ्यांत पुढे होती. बिशपची मुलगी ना, तिला कसली धाकधूक! बाकीच्या बायकांना धीर देत होती. नावं वाचली गेली, माणसं या बाजूला आली, यादी संपली, ती त्या बाजूला एकटी. तेव्हा ती म्हणाली, "उर्सिनकाका, एकदा परत वाचा ना. माझं नाव राहिलं असेल." त्याने परत वाचली. सून म्हणते, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग तिला कळलं. रडली नाही म्हणे. होडी सुटली तेव्हा काठावरून तिने ओरडून सांगितलं, "आईला म्हणावं, माझी शाल कुंपणावर आहे, आत घे. आणि मामांना म्हणावं, यादी नीट लिहीत जा." शेवटी शेवटी हसत होती की काय, ते सुनेला लांबून कळलं नाही.

दुपारी तू उर्सिनला परत पिटाळलंस, उरलेली चांदी देऊन. हो, चांदी उरली होती. एक पळी आणि एका पेल्याचं बूड. एका पोरीला पुरेसं होतं. पण तो पोचला तेव्हा तळ उठला होता, चुलींची राख तेवढी गरम होती. हे मी विसरत नाही, प्रिस्कुस. तू दगड नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू तसा असतास तर हे पत्र लिहायची गरजच नव्हती.

पण पुढच्या रविवारी तू देवासाठी स्वतःच्या पोरावर सुरी उगारणाऱ्या अब्राहामाची गोष्ट सांगितलीस. सगळं गाव हुंदके देत होतं. केवढा बिशप, स्वतःच्या लेकीसाठी तोंड उघडलं नाही! आता आजूबाजूच्या गावांतून लोक येतात तुला बघायला, आणि जाताना माझ्या बाहीला हात लावून डोळ्यांना लावतात. मी बाही झटकते, तर तेही त्यांना विनयच वाटतो. अब्राहामाला निदान ऐनवेळी पोराच्या जागी मेंढा मिळाला. आणि त्या पोराच्या आईला कुणी विचारलं होतं का रे, एकदा तरी? आपण कुणाला अर्पण वगैरे केलेलं नाही. आपण दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो आणि पोर राहून गेली. जे झालं ते एवढंच आहे, त्याला सोन्याचा मुलामा चढवू नकोस. तुझ्या उपदेशाचा मला इतका राग आला की त्या दिवशीची पवित्र भाकर माझ्या घशाखाली उतरेना.

आता खरी बातमी. महिन्यापूर्वी तो मीठवाला सिरियन आला होता, साबा, दरवर्षी खेचरं घेऊन येतो तो, तुझ्या दाढीला हसायचा. मी मीठ मोजून घेत होते आणि तो आपला बडबडत होता, मासिलिया बंदराच्या गमती सांगत. म्हणाला, "एका तेलवाल्याकडे उतरलो होतो. त्याने नवी पोरगी घेतलीय घरात, बारकीशी, हनुवटीवर वण. काय आगाऊ कार्टी हो! कारकून घड्यांची यादी वाचत होता, ही कोपऱ्यातून म्हणते, एकदा परत वाचा ना, एखादा राहिला असेल. त्याने दिली एक ठेवून. पण मालकाने परत वाचायला लावली, तर खरंच एक घडा राहिला होता!" तो खदाखदा हसला. माझ्या हातातलं माप मिठात पडलं. त्याला वाटलं मला भोवळ आली.

मी तशीच धावत अंगण ओलांडून आले. तीस पावलं. दारात उर्सिन. मी त्याला सगळं सांगितलं, म्हटलं, आत्ताच्या आत्ता बंधूंना सांगा. तो म्हणाला, "ताई, गेल्या महिन्यातही एकाला ती नदीत तरंगताना दिसली होती, आणि एकाला डोंगरात. बंधू जेवत नाहीत, झोपत नाहीत. त्यांचं मन आता कुठे जरा थाऱ्यावर येतंय. बघतो मी, वेळ बघून सांगतो." तो वाईट बुद्धीने म्हणाला नाही. तुझ्यावर त्याचा जीव आहे. पण मी चार आठवडे वाट बघितली, तुझ्याकडून एक शब्द आला नाही. त्याने तुला सांगितलंच नाही, की सांगितलं आणि तुझा विश्वास बसला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. आणि मग गेल्या रविवारी तू वेदीपुढे नावांच्या पाट्या हातात घेतल्यास. जिवंतांची नावं उर्सिनने वाचली. मेलेल्यांची तू वाचलीस, आणि सगळ्यांत शेवटी वाचलंस, "मौरा."

नुसतं मौरा. कुणाची, ते नाही. तुझा आवाज तिथे चिरकला, सगळ्या चर्चने ऐकला. त्या आवाजासाठी मी तुला अर्धं माफ केलं, देवाशपथ. तू तिला रडतोयस, तुझ्या आतही तेच जळतंय, हे मला पाच महिन्यांत पहिल्यांदा कळलं. पण अर्धंच. कारण ती मेलेली नाही, प्रिस्कुस. ती मासिलियात तेलाचे घडे मोजतेय आणि लोकांच्या याद्या दुरुस्त करतेय.

आपण बोलत असतो तर हे सगळं दोन वाक्यांत संपलं असतं. मी हाक मारली असती, अरे ऐकलंस का, आणि तू डोकं वर केलं असतंस.

तर हे पत्र यासाठी. साबा वरच्या गावांत मीठ विकून परतलाय, उद्या सकाळी त्याची खेचरं दक्षिणेला निघतायत आणि मी त्यांच्याबरोबर जातेय. साबा म्हणाला, "बाई, तिला सोडवायला तुमच्याकडे आहे काय?" काहीच नाही, खरंय. कानातली मुशीत गेली, घर चर्चचं आहे. पण विकत घेता आली नाही तर मला स्वतःला विकता येतं. सूत कातता येतं, भाकरी येते, लिहिता-वाचता येतं, तेलवाल्याचा सौदा काही वाईट ठरणार नाही. आईलेकी एका छपराखाली असू, मालक कुणी का असेना. तू माझ्या मागे माणसं पाठवू नकोस. तुझी खुर्ची सोडून तूही येऊ नकोस, इथल्या विधवांना तू हवा आहेस, एवढं मला कळतं. फक्त दोन गोष्टी कर. सहा वर्षांपूर्वी मी वेदीपुढे जे 'हो' म्हटलं होतं, ते मी आज परत घेतेय, लोकांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. आणि रविवारी ती मेलेल्यांची पाटी घे, तिच्यावरचं आपल्या पोरीचं नाव स्वतःच्या हाताने पूस, आणि जिवंतांच्या पाटीवर लिही. वाचायला उर्सिनला देऊ नकोस. तू उभा राहा, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं मोठ्याने वाच, मला त्या दिवशी म्हणता आले नाहीत ते तीन शब्द: मौरा, प्रिस्कुसची मुलगी. तिची शाल मी बरोबर घेतलीय. ती भेटली की तिला सांगेन, तुझ्या बाबांनी यादी परत वाचली. मला खोटं बोलायला लावू नकोस.

तुझीच बायको,
एव्होदिया